निवेदन मागे घ्यायचंय

हळू बोला, मॅडम — नाही नाही, तुमचा आवाज मोठा आहे असं नाही म्हणत मी, पण या घराच्या भिंती म्हणजे नुसता पुठ्ठा, आणि आत ती आहे — हो, मदतनीस बाई, एजन्सीची. आमच्या राजांची आंघोळ चाललीय. राजे म्हणजे माझा धाकटा भाऊ हो. खरं नाव वेगळं, पण जन्मल्यापासून सगळं दुसऱ्यांनी करायचं — भरवायचं, पुसायचं, कूस बदलायची — म्हणून आई राजे म्हणायला लागली, तेच राहिलं. चाळिशीला आला आता. बोलत नाही, पण समजतं सगळं. कुणाच्या हातून भांडं पडलं की असा हसतो, की पाडणाऱ्यानंही हसावं. तर तुम्ही चौकशी समितीकडून आलात — खुर्ची ओढून घ्या ना, अशी जवळ — आणि तुम्ही काही विचारायच्या आत मीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा वेळ जायला नको. माझं निवेदन मागे घ्यायचंय. बस्स. सही कुठे करू ते सांगा.

— काही नाही हो, बाई! विम्याच्या मॅडम आहेत! तुमचं चालू द्या! — विम्याच्या म्हटलं, रागावू नका.

का म्हणून काय विचारता? सरकारनं जाहीर केलं, घरपोच मदतीची योजना सुधारायचीय, लोकांनी आपले अनुभव कळवावेत, निर्भयपणे कळवावेत. निर्भयपणे! मी वेडी, खरं मानलं. दुकानातून आले — चष्म्याच्या दुकानात असते मी, काचा घासून फ्रेममध्ये बसवते — आले आणि एका बैठकीत सगळं लिहून काढलं, हात दुखेपर्यंत. त्या दुपारचं. वाचलंय ना तुम्ही? नाही? — बरं. ह्या बायकांना प्रत्येक घराला वेळ बांधून दिलेली. दारात आल्या की फोनवर नोंद करायची, वेळ संपली की तो टुणटुण वाजणार, की लगेच पुढचं घर. त्या दिवशी राजांना सकाळी फिटचा झटका येऊन गेलेला, सगळंच उशिरा चाललेलं. तिचा मला दुकानात फोन — ‘ताई, माझी वेळ संपत आली, तुम्ही येताय ना?’ म्हटलं निघतेच आहे, थांबा. आता निघते म्हटलं म्हणून दुकानातून कुणी लगेच सोडतं का? समोर गिऱ्हाईक, मग रस्त्यात बस बंद पडली. येऊन बघते तर घरात कुणी नाही. आणि हा बाथरूममध्ये, आंघोळीच्या खुर्चीत, छातीला पट्टा, अंगावर ओला टॉवेल, ओठ निळे. हाक मारली तर वर बघेना. नेहमी बघतो हो, माझा पाय वाजला तरी बघतो. मग छातीत पाणी, मग हॉस्पिटल, नळ्या — घरी आणला तो निम्मा होऊन. मी लिहिलं, या बाईला कामावरून काढा. अगदी तसंच लिहिलं. दुसरं काय लिहायचं होतं मी?

मग एजन्सीचा सुपरवायझर आला. इथंच बसला, तुमच्याच खुर्चीत. गोड बोलणारा माणूस. पाणी मागितलं, प्यायला, वर ग्लास विसळूनसुद्धा ठेवला. म्हणाला, ‘ताई, समितीकडे लिहिलंत म्हणे. लिहा, हक्कच आहे तुमचा. फक्त काय होतं, अशा पत्त्यावर जायला मग आमच्या बायका तयार होत नाहीत.’ एवढंच. धमकी नाही, काही नाही. आणि पुन्हा हिलाच पाठवली! म्हणे दुसरं माणूसच नाही. मी काय करू? नोकरी सोडली तर खायचं काय, आणि नाही सोडली तर ह्याच्याजवळ कोण? सांगा ना. तुमच्या समितीतलं कोण येऊन बसणार आहे?

आणि ती — ती बोलतच नाही. तोंडाला कुलूप. ती पहिल्यांदा परत आली ना, मला वाटलं राजे तिला बघून घाबरतील, आरडाओरडा करतील. तर हा हसला! माझ्या हातून घास घेताना मान फिरवतो, तिच्या हातून मात्र वाटी पुसून — जाऊ दे. हे लिहू नका. लिहिताय का? खोडा ते. आई गेल्यापासून मीच करतेय त्याचं सगळं, मला काय फरक पडतो तो कुणाला हसला म्हणून? नाही पडत. लक्ष ठेवायला पाठवलीय तिला, माझी खात्री आहे. परवा मी दार उघडून आत आले तर फोनवर कुजबुजत होती — ‘गुरुवारी इथंच असते मी, दुसरीकडे नको, त्यांना कळू देऊ नका’ — आणि मला बघितलं तसा फोन बंद. सुपरवायझरशिवाय कोण असणार? म्हणून म्हणते — झालं का, बाई? कान नीट पुसा हो त्याचे! — म्हणून म्हणते, मला नको तुमची सुनावणी, नको ते माइकसमोर बोलणं. सही घ्या आणि — काय?

माझ्यासाठी नाही आलात?

म्हणजे? मग कुणासाठी? — तिला? तिला भेटायचंय तुम्हाला? ती इथं असते हे तुम्हाला कुणी — आज गुरुवार. थांबा. थांबा जरा, मॅडम. तिनं लिहिलंय? तिनं, समितीला? — नका सांगू, तुमचा नियम असेल, कळलं मला. तिच्या फोनवरून ती कुठं आहे ते एजन्सीला दिसतं, दुसरीकडे गेली तर जाब विचारतात, म्हणून इथं. माझ्या घरात. आणि मी मघापासून तुमच्यासमोर तिचं — मला थांबवलं का नाहीत तुम्ही? दोनदा तोंड उघडलंत, खरं आहे, मीच बोलू दिलं नाही.

बाई, या इकडे. — त्याला गुंडाळलंय ना नीट? मग या. विम्याच्या नाहीत ह्या, माहीत आहे तुम्हाला. काय लिहिलंत? माझ्या भावाला तसा सोडून गेलात, त्याचं काय लिहिलंत? मोठ्यानं बोला, मला ऐकायचंय. — पुढच्या घरी कोण? एकटे म्हातारे, त्यांना सुई द्यायची होती. बरं. मग ऑफिसला सांगायचं. — सांगितलंत? थांबू द्या म्हणालात? आणि ते काय म्हणाले? — ‘निघा’. गोड आवाजात म्हणाले असतील. — काय? परत? परत आला होतात? केव्हा? — दारात हॉस्पिटलची गाडी होती तेव्हा. आणि तुम्ही रस्त्यापलीकडे उभ्या. मग हाक का नाही मारलीत? एक हाक, बाई — मी — नाही, खरंय, मी तुमचं तोंडही बघितलं नसतं तेव्हा.

रडू नका. त्याला ऐकू जातं आत.

मॅडम, लिहा तिचं. सगळं लिहा, त्या ऑफिसचं तर आधी लिहा. आणि माझ्या निवेदनात ‘बाईला काढा’ आहे, तेवढं खोडायचं. बाकीचं राहू द्या. मागे घ्यायचं म्हणाले ते — नाही घ्यायचं. सुनावणीला येईन मी. बघू — नाही, येईन, राजांना घेऊनच येईन, ज्याच्यासाठी योजना आहे तो माणूस बघू दे समितीला. उद्या आम्ही दोघी बोललो हे एजन्सीला कळलं आणि कुणीच आलं नाही या दारात, तर मी काय करणार आहे मला माहीत नाही. भीती वाटते मला, हेही लिहा.

बसा, बाई. उभ्यानं काय सांगणार? माझ्या खुर्चीत बसा. मी जाते आत, त्याला कपडे घालायचेत. दार ओढून घेतेय. तुमचं तुम्ही बोला, मला हाक मारू नका.