हरणांचा सोमवार

...आणि कॉलेजवाल्यांना हरणांशी काय घेणंदेणं हो? तुम्हाला सांगतो, तिथेच सगळं बोंबललं. आमच्या पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरचा सोमवार म्हणजे हरणांच्या शिकारीचा, मास्तरांपासून बसच्या ड्रायव्हरपर्यंत झाडून सगळे रानात, म्हणून शाळेला सुट्टी. पण कॉलेजला नाही! आणि मी ह्या शाळेचा समुपदेशक, मीच पोरांना गोड बोलून कॉलेजच्या वर्गात बसवलेलं... 'शाळा संपायच्या आत कॉलेजचे क्रेडिट पदरात पाडून घ्या रे.'

पेपर दुपारचा; सकाळी कॉलेजात उजळणीच्या वर्गात बघतो, तर टेसा ह्रबोव्स्की गायब. घरी फोन लावला. आई म्हणते, 'अहो सर, आज शाळेला सुट्टी ना? ती आजोबांबरोबर मचाणावर बसलीय.' तिचा फोन बंद, का, तर हरीण बुजतं. घराण्यातली पहिली पोर कॉलेजला निघालेली, आज नापास झाली तर तो शेरा जन्मभर चिकटणार, शिष्यवृत्तीच्या दारात तिला उभं कोण करणार? आणि तिला ह्यात घातली कोणी? मी!

आईने सांगितलेल्या रानाकडे सुटलो. आता रानात अंगावर केशरी नसेल तर हरीण समजून गोळी घालतात, आणि माझ्याकडे केशरी काय? सणाच्या जेवणानंतर गाडीत राहिलेला बायकोचा टेबलक्लॉथ, केशरी भोपळ्यांच्या चित्रांचा. पांघरला. चहूकडून बार उडताहेत, मी चिखलातून धडपडतोय, आणि ओरडतोय, 'टेसाऽऽ, पेपर आहे गं!'

वरून म्हातारा दात आवळून, 'मास्तर, तोंड मिटा. समोर बारा फाट्यांच्या शिंगांचा नर उभा आहे. आणि आज शाळेला सुट्टी आहे.'

'कॉलेजला नाही हो, आजोबा!' मी म्हटलं. जरा मोठ्यानेच म्हटलं... नर पसार. किती वर्षं त्याच्या मागावर होता म्हातारा! बंदूक हातात तशीच धरून तो माझ्याकडे वळला. मी टेबलक्लॉथ आणखी घट्ट लपेटून घेतला. मग हळूच म्हणाला, 'उतर पोरी. जा ह्या भोपळ्याबरोबर.'

दुपारी परीक्षेच्या खोलीचं दार लावता लावता पोचलो. निबंधाचा पेपर, विषय काय, तर 'आमच्या कुटुंबावर कोसळलेलं दुःख'. पोरगी अशी लिहीत सुटली की मान वर नाही.

पास झाली, तेही पहिल्या नंबराने. परवा प्राध्यापकबाईंचा फोन, 'काय लिहिते हो तुमची टेसा, मला रडू आलं. पण तो टेबलक्लॉथ पांघरून आजोबांचं हरीण पळवणारा येडा... तुमच्याच शाळेतला का?'

काय सांगणार? म्हटलं, 'छे हो बाई, त्या दिवशी आमच्या शाळेला सुट्टी होती.'