आई, तुमचं वजन किती?

माझं माहेर इस्लामपूरचं. वडील लवकर गेले, मग आईनं मेस काढली, कॉलेजच्या पोरांची, दिवसभर शेगडीपुढं उभी असायची, पोटभर जेव रे बाळा म्हणत वाढत राहायची, आणि त्या मेसवरच मी इंजिनियर झाले बघा, लग्न करून इथं सिंगापूरला आले. सेंगकांगला फ्लॅट आहे आमचा.

नवरा पुण्याचा. माणूस सोन्यासारखा, पण गाडीचं वेड. काय सांगू तुम्हाला, इथं गाडी घेणं म्हंजे घर घेतल्यासारखंच, मग पेट्रोलचा थेंब वाया जायला नको त्याला. टायर बदलले तेव्हा गाडीला चालणाऱ्या मापांतलं सगळ्यात अरुंद माप निवडलं, अरुंद टायर पेट्रोल कमी खातात म्हणे. आणि हवा! ड्रायव्हरच्या दाराशी स्टिकर असतो, दोघं बसले तर हवा इतकी, गाडी भरली तर इतकी. हा दर वेळी माणसं बघून हवा बदलणार. आम्हाला त्याची सवयच झालेली.

तर मागच्या महिन्यात आई आली, पहिल्यांदाच. विमानतळावरून येताना हा पंपावर थांबला. डिकीत आईच्या बॅगा, लोणचं, चटण्या, मेतकूट. पाइप हातात घेतला आणि खिडकीशी वाकून विचारतो कसा, आई, तुमचं वजन किती असेल हो, अंदाजे? तशी हवा भरतो. माझी मुलगी पहिलीत आहे, ती लगेच इथल्या पोरांच्या बोलीत, आज्जी सो हेवी लाह. आणि मी हसले. खरंच सांगते, मी हसले. आई पदर सावरत म्हणाली, असेल की सत्तर.

घरी जेवायला बसलो तर आईनं एकच चपाती घेतली. प्रवासानं दमली असेल म्हटलं. दुसऱ्या दिवशीही एकच, तिसऱ्या दिवशीही. लिटिल इंडियाला जायचं ठरलं तर म्हणाली, तुम्ही या गाडीनं, मला ती तुमची इथली मेट्रो, एमआरटी, बघायचीय. पुढं कुठंही जायचं म्हटलं की तिला एमआरटीच. तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

तो पडला ती परत निघाली त्या दिवशी. विमानतळावर जाताना हा पुन्हा पंपावर पाइप घेऊन उभा. आईनं काच खाली केली, म्हणाली, “जावईबापू, आता कशाला भरताय? येताना मी नसणार की गाडीत.” रागानं नाही हो, अगदी मायेनं म्हणाली. त्याचा हात तिथंच थांबला. मला तर धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. जिनं जन्मभर कुणाची चपाती मोजली नाही, ती माझ्या घरात मोजून जेवली.

नंतर त्यानं फोनवर माफी मागितली. आई म्हणाली, अहो तुमचं बरोबरच होतं, गाडीला लागते तेवढी हवा. ते खरंय, त्याचं गणित चुकलं नव्हतं. पण मी कशाला हसले?

आता दर रविवारी फोन करते, दिवाळीला ये गं म्हणते. ती म्हणते, बघू, गुडघे दुखतात आता, तुम्ही सुखात राहा. दिवसभर शेगडीपुढं उभी राहणारी बाई हो ती, गुडघ्यांचं नाव आजवर कधी काढलं नव्हतं तिनं.