पहाटे पाचची ऊब

दुरुस्तीच्या खिडकीपाशी माझ्यापुढे मायलेक उभे होते. मुलाने घर गरम-गार ठेवणारा कंट्रोलर मेकॅनिकपुढे ठेवला.

"बाबा जाऊन तीन महिने झाले. तरी हा रोज पहाटे पाचला त्यांची खोली तापवतो."

"हा माणसांच्या सवयी शिकतो, साहेब. पण आठ दिवस कुणी बटण दाबलं नाही, तर आपोआप विसरतो."

"मग हीच सवय बरी विसरत नाही!"

"थांबा, नोंद बघतो. रोज पाचला कुणीतरी बटण दाबतंय."

"आमच्याकडे एवढ्या पहाटे कोण उठतंय? आई... तू?"

"त्याला विसरू द्यायचं नव्हतं रे."

"अगं, मला सांगायचंस तरी."

"तू म्हणाला असतास, पुरे आता."

"साहेब, पुसून टाकू का?"

"नको. आई, उद्या पाचला मलाही उठव."