जिंकला, तरी काढला

हार्लन : पण डेल्फीन, काल आपण सामना जिंकलो होतो! पोरांनी मला खांद्यावर घेऊन मैदानभर फिरवलं. होतीस ना तू?

डेल्फीन : होते तर. ओरडून घसा बसलाय. मग कॉलेजच्या क्रीडासंचालकाने, वेंडेलने, केबिनमध्ये बोलावलं कशाला?

हार्लन : तेच कळत नाहीये. आधी मिठी मारली. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. मग म्हणाला, कॉलेजला नवा प्रशिक्षक हवाय. मी म्हटलं, छान, माझ्या हाताखाली का? तर त्याने पुन्हा मिठी मारली.

डेल्फीन : म्हणजे काढलं तुला.

हार्लन : काढलं नाही म्हणाला, 'मोकळं करतोय' म्हणाला. वर मैदानाला माझं नाव देणार! ज्याला हाकलायचं, त्याचंच नाव कुणी फाटकावर लावतं का गं?

डेल्फीन : मेलेल्यांचं लावतात. शेजारची बर्निस सकाळीच मॅकरोनीचं भांडं ठेवून गेली, मयताच्या घरी ठेवतात तसं. तिला आपल्याआधीच कळलं होतं वाटतं.

(फोन वाजतो. हार्लन आत जाऊन बोलतो, परत येतो.)

डेल्फीन : कोण?

हार्लन : ड्वेन. आपला जुना कप्तान. तिकडे माँटाना राज्यातल्या एका कॉलेजात मुख्य प्रशिक्षक झालाय. म्हणतो, 'कोच, या माझ्याकडे, बचावफळी सांभाळा.' मी शिकवलेला पोरगा, आता माझा साहेब?

डेल्फीन : काय सांगितलंस?

हार्लन : आधी हो म्हणालो. मग नाही म्हणालो. शेवटी म्हटलं, डेल्फीनला विचारतो.

डेल्फीन : आजवर कधी विचारलं नाहीस. टेक्सास झालं, आयडाहो झालं, ओहायो झालं. तू गाडी भरलीस की मी मुकाट्याने बसायचे. आपल्या लीनाला दर वेळी नवी शाळा. हार्लन, या वेळी मी नाही येणार. इथल्या वाचनालयात माझं बरं चाललंय. तुला जायचं तर जा, मी रागावणार नाही.

हार्लन : म्हणजे जाऊ, की नको?

डेल्फीन : ते मी कसं सांगू?

हार्लन : समोरचा संघ काय करणार, ते मला आधी कळायचं. आणि मला वाटायचं, तुला आवडतं गावं बदलणं! नव्या घरात पडदे लावताना गुणगुणायचीस तू.

डेल्फीन : रडत लावले असते, तर तुझं लक्ष खेळात लागलं असतं?

हार्लन : ड्वेनला कळवतो, येत नाही म्हणून.

डेल्फीन : नक्की?

हार्लन : नक्की काहीच नाही. पण कळवतो. बरं, रविवारी सकाळी लोक करतात तरी काय? मी तर आदल्या दिवशीच्या सामन्याची फिल्म बघत बसायचो.

डेल्फीन : नाश्ता करतात. ऊठ, बश्या काढ.

हार्लन : कुठे असतात गं बश्या?