संत्र्यावरची फुली

माहं माहेर वरुडाकडलं. बाप दुसऱ्याच्या बगिच्यात संत्री तोडे, माय निवडे, आन आमी पोरी खोक्यात लावो. काय सांगू तुमाले, लगन होईलोक मी आमच्या घरात औषधाची बाटली पायलीच नाई. ताप आला, संत्रं. तोंडाची चव गेली, संत्रं. दवाखान्यात आजाऱ्याले भेटाले कोनी रिकाम्या हातानं गेलं तं लोकं वरीसभर नावं ठेवत, संत्री नेलीच पायजे, आमच्या इकडचा रिवाजच हाय तो.

मंग मले अकोल्याले देल्लं. माहे मालक हातगाडीवर फयं विकत, मीबी उभी राहाले लागली, एका मोठ्या दवाखान्याच्या फाटकासमोर. नुसती विकत नोयती बाप्पा, सांगतबी होती. रक्त कमी हाय? डायंब न्या. पोट साफ नाई? पपई न्या. खोकला हाय तं केयं देऊ नका. लोकं मले डाक्टरीनबाई म्हनत आन मले ते लय गोड लागे, खोटं कावून बोलू.

मंग मालकाच्याच किडन्या गेल्या. पाय सुजले, हप्त्यातून दोनदा मशीनवर रक्त साफ कराले जा लागे, त्याच दवाखान्यात. मी बाहेर गाडीवर, ते अंदर मशीनवर. तिथल्या डाक्टरनं एक कागद देल्ला, फयाईच्या चित्राचा. सफरचंदाची एखादी फोड चालन, आन केयावर फुली, नारयपान्यावर फुली, संत्र्यावर फुली. मले असा राग आला! माह्या मालावर फुली! ज्याच्यावर मी वाढली, ज्याच्यावर पोरगी शिकवली, ते जहर? डाक्टर म्हने, बाई, याच्यातले क्षार किडनी बाहेर टाकते, ह्याईची टाकत नाई, ते अंगात साचले तं काळीजच बंद पडन. मी मान हालवली आन कागद खोक्याखाली घातला.

पोरगी वनिता म्हने, आई, नको देऊ वं. मी म्हनलं, तू चूप, चार बुकं शिकली तं मले शिकवते. अवो, ते सोताबी नाईच म्हनत. हात आडवा करत, डाक्टर नाई म्हने नं वं. मी म्हनो, तुमी सुकून राहिले, मले दिसते नं, माह्या हातचं हाय, काई होत नाई. सोलून, शिरा काढून, बिया काढून एक एक फोड तोंडात देल्ली. रोज. ते हासत खात. गोड हाय वं, म्हनत.

मंगयवारी मशीनवर जाचं होतं. सोमवारी सकायी च्या पेता पेता कप हातातून सुटला. बस. अंदर नेलं, पन सारं झालं होतं. डाक्टरनं मले इचारलं, फयं देत होते काय? मी नाई म्हनली. वनिता बाजूलेच होती, तिनं माह्याकडे पायलं. अजूनबी बोलत नाई त्याच्यावर. संत्रं मात्र खात नाई. आन हे खोटं मी आज पयल्यांदा तुमाले सांगून राहिली.

डाक्टर मलेच समजावे, बाई, हा रोगच असा, एका गोष्टीवर बोट ठेवता येत नाई. पन माहं बोट तं तिथंच जाते. त्याईले भूक नोयतीच हो. माह्या मनासाठी खाल्लं त्याईनं.

तो कागद आता गाडीले बांधला, हा काय. गिऱ्हाईक आलं का पयले इचारतो, कोनासाठी, काय झालं? किडनी म्हनलं का संत्र्याले हात लावू देत नाई. परवा एक बाई खेकसली, तुले इकाचं हाय का नाई? मी म्हनलं, इकाचं हाय माय, पन पयले अंदर जाऊन इचारून ये.

तुमी एवढा येळ उभे राहिले, हे दोन घ्या, पैसे नको. तब्येत धड हाय नं तुमची? मंग एक इथंच सोला. देव तुमाले सुखी ठेवो, तुमच्या घरचे सारे सुखी राहो. खा नं. आमच्या घरात आता कोनी खात नाई, मले पाहू द्या जराक, कोनी खाऊन गोड हाय म्हनते तं.