एक घोट आधी

वच्छलाबाई : नाई नाई, सतरंजीवर नको. पाटावर ठेव. सकाळीच धुऊन ठेवला पाट.

प्रेरणा : मोठी आई, टॅरोचे, चित्राचे पत्ते आहेत हे. पत्त्यांले कोणी पाट मांडते का?

वच्छलाबाई : तुही आई सांगे, प्रेरणा सावंगीले हॉस्टेलात पोरींले पत्ते काढून देते म्हणून. मंग म्या आंघोळ केली अन् उपाशीच बसली. पाण्याशिवाय काही नाई घेतलं.

प्रेरणा : चहा पण नाई?

वच्छलाबाई : देवाचं काम उपाशीपोटीच करा लागते.

प्रेरणा : देवाचं काम नाई गं हे.

वच्छलाबाई : असो कोणाचंही. मले एकच विचाराचं हाय. लकवा मारल्यापासून तुहे मोठे बाबा बोलत नाई, ते म्या पचवलं. पण आज सकाळी चहाले ओठच नाई उघडले. दोनदा कप लावला, गच्च मिटून राह्यले. खरं सांगजो पोरी, हे निघाले का आता देवाघरी?

प्रेरणा : मोठी आई...

वच्छलाबाई : काढ पत्ता. भेव नको.

प्रेरणा : पुढचं नाई सांगत हे पत्ते. अन् मी खोटं सांगून तुहं मन नाई राखणार.

वच्छलाबाई : मंग काय कामाचे बाप्पा? शोभेचे?

प्रेरणा : मी रोज एक काढते. चित्राकडं पाहत बसते. यातलं आपल्या अंगात कुठं काय आहे, हातात आहे का पायात का पोटात, तेवढं पाहते. मन जरा थाऱ्यावर येते.

वच्छलाबाई : माहं मन थाऱ्यावर नाई येत आता. मंगळवारचं भजन सुटलं. आनंदाबाई बलवाले आली होती, दारातूनच वापस पाठवली. देवापुढं बसलं का कान मागं खाटीकडं. देव बी म्हणत असन, या घरात आपलं काही काम नाई. गेला तो. मले समजते.

प्रेरणा : काढ तू. डाव्या हातानं.

वच्छलाबाई : डाव्या?

प्रेरणा : बरं, उजव्यानं काढ. घे... काय दिसते?

वच्छलाबाई : बाई हाय. मागं पंख हायेत. चहा गार करून राह्यली.

प्रेरणा : चहा?

वच्छलाबाई : तं काय मंग? दोन पेले, याच्यातून त्याच्यात धार. तिरपी धार हाय, पण खाली थेंब नाई सांडला. रोजची सवय हाय तिले.

प्रेरणा : अन् तिचे पाय पाह्य. एक पाण्यात आहे.

वच्छलाबाई : हो वं. वांग्याले पाणी देताना आपण असेच उभे राहतो. एक पाय दांडाच्या पाण्यात, एक वरंब्यावर. एक टाच थंड, एक उन्हानं तापलेली.

प्रेरणा : तेव्हा मन कुठं असते तुहं?

वच्छलाबाई : मन? ... टाचेतच असते. पाणी कुठवर गेलं ते टाचेले समजते ना. दुसरं काही ध्यानात राहत नाई. हे पडल्यापासून मले वाडीत तेवढंच बरं वाटते. अन् सकाळी चहाच्या वक्ताले.

प्रेरणा : चहाच्या वक्ताले काय करते, सांग मले. सावकाश सांग.

वच्छलाबाई : काय सांगू त्यात. कपातून गिलासात, गिलासातून कपात. वाफ तोंडावर येते, अद्रक नाकाले लागते. ह्यायचे डोळे त्या धारेवर. धार वर गेली का डोळे वर, खाली आली का खाली. लहान लेकरावानी. म्या तेव्हा काही बोलत नाई. मंग एक घोट आधी मी घेते, तोंड भाजू नये म्हणून. मंग त्यायले लावते.

प्रेरणा : रोज?

वच्छलाबाई : रोज.

प्रेरणा : आज पण घेतला तू घोट?

वच्छलाबाई : आज कसा घेईन? उपाशी होती ना. अंदाजानं गार केला अन्...

प्रेरणा : अन् ओठ मिटून राह्यले.

वच्छलाबाई : हो. गच्च.

प्रेरणा : मोठी आई, मले नक्की माहीत नाई. पण ते तुह्या घोटाची वाट पाहून राह्यले असतीन.

वच्छलाबाई : एवढं समजत असन त्यायले?

प्रेरणा : धार समजते तं घोट नाई समजणार? करून पाह्य.

(गॅस पेटल्याचा आवाज. कपबशीची किणकिण. पुढचं बोलणं खाटेजवळून.)

वच्छलाबाई : अहो. इकडं पाहा. हे पाहा, पेली मी. अद्रक जास्त झालं आज. पण भाजत नाई. घ्या... प्रेरणा.

प्रेरणा : हं.

वच्छलाबाई : उघडले.

प्रेरणा : दिसून राह्यलं मले.

वच्छलाबाई : हळू घ्या, कोणी मागं नाई लागलं. सांडू द्या, पदर हाय. ... माह्या पायी उपाशी राह्यले हे, पोरी. देवाचं काम म्हणून मी पाटापुढं बसली, अन् हे इथं वाट पाहून राह्यले.

प्रेरणा : रडू नको. त्यांचे डोळे तुह्यावरच आहेत.

वच्छलाबाई : रडत नाई, वाफ हाय. तू घरी जाता जाता आनंदाबाईकडं थांबजो. म्हणजो, मंगळवारी टाळ घेऊन इथंच या. खाटीजवळ बसू.

प्रेरणा : सांगते. पत्ता उचलू का आता?

वच्छलाबाई : राहू दे थोडा वेळ पाटावर. कवाची ओतूनच राह्यली बिचारी. तिले म्हणाव, एक घोट तूबी घे.