ड्रॉवरसारखी कडी

अमेरिकेतल्या हर्नडन गावात शिकारीच्या सामानाच्या दुकानात बूट घ्यायला आलेल्या सुलेखाकाकूंच्या कानांवर रांगेत मराठी पडलं आणि त्या सुखावल्या. पुढे एक निवृत्त डॉक्टर आणि त्यांची लेक रायफल निवडत होते. इथे मराठी कुणाला कळतंय, म्हणून अगदी मोकळ्या आवाजात.

"बाबा, तुमच्या जुन्या रायफलची गोळी भरायची कडी बाथरूमच्या कडीसारखी. वर उचला, मागे ओढा, पुढे ढकला, खाली पाडा. ही नुसती मागेपुढे करायची, ड्रॉवरसारखी."

"आणि काडतूस अडकलं तर? जुनी जोर लावून फिरवली की सुटतं. हिला नुसतं खेचत बसायचं."

"तुमचं मनगट फिरतं का आता?"

"आत चिखल गेला की हिचे नखरे असतात म्हणे."

"पण डोळा स्कोपवरून हलत नाही. दुसरी गोळी लगेच मारता येते."

"सलोनी, अकरा वर्षं जंगलात जातोय. अजून पहिलीच मारलेली नाही."

"ठाऊक आहे. फ्रीजरमधलं हरणाचं मटण शेजारच्या बॉबचं असतं."

"आईला सांगू नकोस हं!"

"बाबा, दर डिसेंबरला आई बॉबकडे चकल्यांचा डबा कशाबद्दल पाठवते, असं वाटतं तुम्हाला?"